रीफ टाकीतील वाळू आणि ती राखणारे जीव

समुद्री मासे आणि प्रवाळ जिथे पाळतात ती खाऱ्या पाण्याची टाकी, म्हणजे रीफ टाकी, सुरू करून तीन-चार आठवडे झाले, की पांढऱ्या वाळूवर एके दिवशी सांडलेल्या चहासारखा फिकट तपकिरी डाग दिसतो आणि आठवडा संपायच्या आत तो सगळ्या तळावर पसरतो. नाशिकमध्ये ही हौस जोपासणारी घरे मोजकीच आहेत, त्यामुळे शेजारीपाजारी विचारावे असे सहसा कोणी नसते. मग मुंबईच्या एखाद्या विक्रेत्याला फोन जातो, ‘वाळू साफ करणारे काहीतरी पाठवा’ अशी विनंती होते, आणि त्याच्याकडे त्या दिवशी जे असेल ते प्राणवायू भरलेल्या पिशवीत, थर्मोकोलच्या खोक्यातून कसारा घाट चढून आपल्या घरी येते. माझ्या घरी असाच एक तारामासा आला होता. तो दहा महिन्यांत उपासमारीने मेला आणि मरेपर्यंत त्याने माझी वाळूही निर्जीव करून ठेवली. ते कसे घडले हे पुढे सांगेनच, पण ही चूक ज्यांना अजून टाळता येण्यासारखी आहे त्यांच्यासाठी हा विषय मुळापासून मांडावा, असे तेव्हापासून मनात होते.

मुळाशी असलेली गोष्ट साधी आहे. ज्यांना आपण वाळू साफ करणारे प्राणी म्हणतो ते वाळूत स्वतःचे पोट भरत असतात आणि त्यांच्या जेवणातून आपली सफाई होते. म्हणून प्राणी निवडताना तो किती झपाट्याने काम करतो याला फारसे महत्त्व नाही. तो नेमके काय खातो आणि ते खाद्य आपल्या टाकीत वर्षभरानंतरही तयार होत राहणार आहे का, हे आधी पाहावे लागते. ज्याचे खाद्य रोज नव्याने तयार होते तो प्राणी वर्षानुवर्षे टिकतो, आणि ज्याचे खाद्य एकदाच संपते तो त्यानंतर आपल्या डोळ्यांदेखत झिजत जातो.

आधी वाळूविषयी थोडे. रीफ टाकीतली वाळू प्रवाळ आणि शंखशिंपल्यांच्या चुऱ्याची, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटची असते. त्याच्या एका स्फटिकरूपाला अ‍ॅरागोनाइट म्हणतात आणि दुकानात ही वाळू बहुधा त्याच नावाने मिळते. गोदावरीच्या पात्रातली वाळू कितीही धुतली तरी या कामाची नाही, कारण आपल्याकडचा खडक काळा बेसाल्ट असल्याने तिच्यात चुन्याचा अंश फार थोडा असतो, गाळ भरपूर असतो आणि चुंबकाला चिकटणारे लोहखनिजाचे कणही असतात. कणाचा आकार एक ते दोन मिलिमीटर असावा. त्याहून बारीक वाळू पंपाच्या झोताने उडून प्रवाळावर बसते, आणि चार-पाच मिलिमीटरची जाड खडी घेतली तर तिच्या फटींत उरलेले खाणे जाऊन बसते आणि वाळूत शिरून राहणाऱ्या गोगलगायींना तिच्यात नीट शिरताही येत नाही. थर तीन ते पाच सेंटिमीटरचा पुरतो.

नाशिकच्या द्राक्षबागायतदाराला वाफसा म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. मातीत ओल हवी, पण तिच्या कणांमधून हवाही खेळती हवी. पाणी साचून हवा कोंडली की मुळी गुदमरते. टाकीतल्या वाळूलाही तिचा असा वाफसा असतो, फक्त तिथे हवेच्या जागी पाण्यात विरघळलेला प्राणवायू असतो. वरच्या एक-दोन सेंटिमीटरमध्ये तो पोचतो आणि तिथले जिवाणू माशांच्या विष्ठेतून निघणाऱ्या अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. त्याखाली, जिथे प्राणवायू जवळजवळ संपतो, तिथे वेगळ्या जातीचे जिवाणू त्या नायट्रेटचे नायट्रोजन वायूत रूपांतर करतात आणि तो बुडबुड्यांनी निघून जातो. हे दोन्ही थर जिवंत राहायचे तर वरचा पृष्ठभाग मोकळा राहायला हवा. तो शेवाळाने आणि गाळाने बंद झाला, वाळूचे कण एकमेकांना चिकटून तिची ढेप झाली, की आत सडण सुरू होते, काचेतून पाहिल्यावर काळपट पट्टे दिसतात आणि वाळू उकरली तर सडक्या अंड्यासारखा हायड्रोजन सल्फाइडचा वास येतो. तो वायू माशांना विषारी असतो, म्हणून अशी जुनी, घट्ट बसलेली वाळू एकाच दिवशी तळापर्यंत कधीही ढवळू नये. शेतात गांडूळ जे काम करते, म्हणजे खात खात माती भुसभुशीत ठेवते, तेच काम टाकीत आपल्याला काही शंखवाल्या जीवांकडून आणि कृमींकडून करून घ्यायचे असते.

परंतु वाळूवरची प्रत्येक घाण एकाच प्रकारची नसते, आणि इथेच बहुतेकांची गल्लत होते. नव्या टाकीतला तो चहाचा रंग डायटम या सूक्ष्म एकपेशीय शैवालाचा असतो. डायटम आपले कवच सिलिकापासून बनवतात, आणि बेसाल्टमधून झिरपलेल्या बोअरच्या पाण्यात विरघळलेली सिलिका भरपूर असते. गंगापूर धरणातून येणारे नळाचे पाणी पिण्यास उत्तम असले तरी समुद्री मीठ कालवण्यासाठी तेही थेट वापरू नये. आरओ गाळणीच्या पुढे, उरलेले क्षार शोषून घेणाऱ्या डीआय रेझिनचा टप्पा बसवून टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण, शून्यावर आणलेले पाणी वापरले, तर डायटमचा पहिला बहर साधारणपणे काही आठवड्यांत आपोआप ओसरतो. त्याच्यासाठी घाईने प्राणी आणले, तर ते पोचेपर्यंत त्यांचे जेवण संपलेले असते.

डायटमव्यतिरिक्त वाळूवर दिसतात ती माशांनी न खाल्लेल्या अन्नाची शिते, विष्ठेचा आणि कुजलेल्या कणांचा करडा गाळ, आणि उजेड जास्त पडणाऱ्या जागी हिरव्या शेवाळाची साय. या तिन्हींवर जगणारे प्राणी आहेत. मात्र दोन गोष्टी अशा आहेत ज्यांवर कोणताही प्राणी हा उपाय नाही. पहिली म्हणजे सायनोबॅक्टेरिया: जांभळट-लाल, ओल्या कापडासारखी चादर, जी नळीने ओढली तर अखंड पापुद्रा निघून येतो. तिथे पाण्याचा प्रवाह वाढवणे, खाणे कमी करणे आणि ती चादर पाणी बदलताना ओढून काढणे हाच मार्ग आहे. दुसरी म्हणजे डायनोफ्लॅजेलेट: तपकिरी, शेंबडासारखे तंतू, ज्यांच्या टोकांना दुपारी उजेडात बुडबुडे लटकतात आणि रात्री दिवे बंद झाल्यावर जे बरेचसे नाहीसे झाल्यासारखे वाटतात. यांच्या काही जाती विषारी असतात आणि त्या खाल्लेल्या गोगलगायी सुस्त पडून मरू लागतात. टाकीत असे तंतू असतील तर एकही नवा प्राणी आणू नये, हे मी आवर्जून सांगतो, कारण नेमक्या याच वेळी माणूस हवालदिल होऊन वीस गोगलगायी मागवतो आणि त्या सगळ्या दगावतात.

आता प्राण्यांकडे येऊ. मला एकाच जातीची शिफारस करा असे कोणी म्हटले तर मी नॅसेरियस गोगलगायीचे नाव घेईन. ही दीड-दोन सेंटिमीटरची, गुळगुळीत किंवा बारीक रेघांच्या शंखाची गोगलगाय दिवसभर वाळूत पूर्ण गाडून घेऊन बसते आणि फक्त श्वासाची नळी दोऱ्याएवढी बाहेर ठेवते. तिचे काम पाहायचे असेल तर टाकीतले पंप दोन मिनिटे बंद करून सोललेल्या कोळंबीचा तुरीच्या डाळीएवढा तुकडा वाळूवर सोडावा. काही क्षण काहीच घडत नाही. मग एका कोपऱ्यात वाळू किंचित उचलली जाते, फुगते, आणि तिच्यातून आधी ती पांढुरकी सोंड वर येऊन डावीउजवीकडे वास घेत हलते. पाठोपाठ दुसरीकडे, तिसरीकडे तसेच होते, आणि मिनिटभरात आठ-दहा गोगलगायी आपापल्या जागेवरून वाळूला भेगा पाडत त्या तुकड्याकडे धावू लागतात. गोगलगाय या शब्दाशी आपण जो संथपणा जोडतो तो इथे मुळीच दिसत नाही. या भेगा पडणे हेच आपल्याला हवे असलेले काम आहे, कारण रोज दोनदा माशांना खाणे टाकल्यावर वाळूचा वरचा थर असा दहा ठिकाणांहून उकलला जातो.

नॅसेरियस मांसाहारी आहे, हे मात्र नीट लक्षात ठेवावे. ती उरलेले अन्न आणि मेलेला मासा खाते, शेवाळाला तोंड लावत नाही. ज्या टाकीत दोनच छोटे मासे आहेत आणि त्यांना अगदी मोजून खाणे मिळते तिथे वीस नॅसेरियस जगणार नाहीत. खरेदी करताना आणखी एक गोष्ट पाहावी. उत्तर अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावरच्या चिखलात राहणारी, इलियानासा ऑब्सोलेटा या नावाची काळपट गोगलगाय व्यापारात अनेकदा नॅसेरियस म्हणून विकली जाते. ती थंड पाण्यातली असल्याने २६ अंशांच्या टाकीत फार काळ तग धरत नाही. शंख काळा-मळकट, झिजलेल्या टोकाचा असेल तर तो न घेतलेला बरा.

शेवाळ आणि डायटम खाणारी, तरीही वाळूत शिरणारी गोगलगाय हवी असेल तर सेरिथ घ्यावी. तिचा शंख उंच, निमुळता, पेचदार आणि खडबडीत असतो. दिवसा ती अर्धी वाळूत रुतून निजलेली दिसते आणि दिवे मालवल्यावर वाळूवर, खडकावर, काचेवर सगळीकडे चरायला निघते. टाकी मानवली तर ती काचेवर नागमोडी पांढऱ्या दोऱ्यासारखी अंडी घालते. नवा माणूस ते पाहून घाबरतो आणि खरवडून टाकतो, पण त्यांपासून काहीही अपाय नाही. टर्बो, ट्रोकस, अ‍ॅस्ट्रिया या काच आणि खडक साफ करणाऱ्या गोगलगायी आहेत. त्यांना वाळूसाठी आणू नये, आणि अ‍ॅस्ट्रिया तर वाळूवर उलटी पडली तर तिला सहसा स्वतःहून सुलटे होता येत नाही.

माझ्या टाकीत सर्वांत जास्त जिव्हाळा ज्याने लावला तो प्राणी म्हणजे कॉन्च. फाइटिंग कॉन्च या नावाने विकला जाणारा हा शंख अटलांटिक आणि कॅरिबियन समुद्रातला असून स्ट्रॉम्बस अ‍ॅलेटस आणि स्ट्रॉम्बस प्युजिलिस या त्याच्या दोन जाती प्रसिद्ध आहेत. नावात भांडण असले तरी टाकीतल्या इतर जीवांशी तो अत्यंत शांतपणे वागतो. त्याचे दोन डोळे दोन देठांवर असतात, त्यांना रंगीत कडी असतात, आणि त्या देठांमधून हत्तीच्या सोंडेसारखे लांब तोंड खाली येऊन वाळूचा पृष्ठभाग कणाकणाने टिपत जाते. तपकिरी झालेल्या वाळूवर तो रात्री सोडावा आणि सकाळी पाहावे: दोन बोटे रुंदीचे, स्वच्छ पांढरे पट्टे वळणे घेत गेलेले दिसतात, जणू शेणाने सारवलेल्या अंगणात कोणी रांगोळीचे बोट फिरवले आहे. तो इतर गोगलगायींसारखा सरपटत नाही. त्याच्या पायाच्या टोकाला विळ्यासारखे कठीण झाकण असते, ते वाळूत रोवून तो स्वतःला पुढे फेकतो, आणि उलटा पडला तर त्याच विळ्याने एका झटक्यात सुलटा होतो.

कॉन्चला मोकळी वाळू लागते. तो सात ते दहा सेंटिमीटरपर्यंत वाढतो, खडकावर चढण्यात त्याला रस नसतो, आणि ज्या टाकीत खडकांनी तळ भरून टाकला आहे तिथे त्याला चरायला कुरणच उरत नाही. चार फुटी टाकीत एकच ठेवावा. वाळू फारच स्वच्छ राहू लागली, तर आठवड्यातून दोनदा रात्री नोरी या सुक्या समुद्री शेवाळाचा पोस्टाच्या तिकिटाएवढा तुकडा छोट्या दगडाखाली दाबून त्याच्या वाटेत ठेवावा. माझा कॉन्च पहिल्या वर्षी त्याच्याकडे फिरकला नाही, पण दुसऱ्या उन्हाळ्यात तो नोरीच्या दगडापाशी येऊन थांबू लागला, तेव्हा वाळूवरचे त्याचे खाणे कमी पडू लागले आहे हे मला त्याच्याकडूनच कळले.

माशांमध्ये गोबी कुळातल्या व्हॅलेन्सिएनिया या प्रजातीच्या माशांना वाळू चाळणारे म्हणून मोठी मागणी असते. त्यांतली डायमंड गोबी, म्हणजे व्हॅलेन्सिएनिया प्युएलॅरिस, पांढऱ्या अंगावर नारिंगी ठिपके असलेला देखणा मासा आहे. तो तोंडभर वाळू घेतो, गालफडांत घोळवतो आणि कल्ल्यांमधून स्वच्छ वाळू बाहेर सोडतो. दोन आठवड्यांत तळ असा चमकू लागतो की दुसऱ्या कोणत्याही प्राण्याला ते साधणार नाही. पण तो जे चाळून खातो ते असते वाळूतले सूक्ष्म किडे आणि कृमी, शेवाळ नव्हे. चार फुटी टाकीतली ही शिबंदी तो काही आठवड्यांत संपवतो, आणि त्यानंतर त्याला दिवसातून दोन-तीन वेळा मायसिस या कोळंबीसारख्या चिमुकल्या जीवाचे किंवा तसले गोठवलेले खाद्य तळापर्यंत पोचवले नाही तर त्याचे पोट आत जाऊन तो वाळतो. त्यातच तो वाळू खालच्या प्रवाळांवर सांडतो आणि खडकांखाली बिळे करतो, म्हणून खडक वाळूवर न ठेवता आधी थेट काचेच्या तळावर ठेवून मग भोवती वाळू भरावी. टाकीवर जाळीही हवीच, कारण हा मासा उडी मारतो. सहा फुटी टाकी, जुनी वाळू आणि दिवसातून तीनदा खाणे घालायला घरात कोणीतरी असेल तर त्याने जरूर ठेवावा. इतरांनी मोह आवरावा.

आता त्या तारामाशाविषयी. अ‍ॅस्ट्रोपेक्टेन पॉलिअ‍ॅकॅन्थस असे त्याचे नाव, वाळू चाळणारा तारामासा म्हणून तो विकला जातो. पाच बाहू, कडेला काट्यांची झालर, रंग वाळूसारखाच. इतर तारामाशांच्या नळीपायांना चिकटण्यासाठी चकत्या असतात तशा याला नसतात. याचे पाय टोकदार असतात, खणण्यासाठी. तो भक्ष्य अख्खे गिळतो, आणि त्याला गुदद्वार नसल्याने न पचलेले कवच तोंडावाटेच बाहेर टाकतो. हे सगळे मी नंतर वाचले. आणला तेव्हा मला इतकेच दिसले की तो वाळूत शिरतो, कडेने उगवतो आणि जिथून जातो तिथली वाळू मोकळी होते. पहिले चार महिने मी खूश होतो. पाचव्या महिन्यात रात्री टॉर्च लावून पाहिले तर काचेलगत वाळूत दिसणारे बारीक कृमी आणि केसाएवढ्या बाहूंचे ब्रिटल स्टार (तारामाशाचे चिमुकले भाऊबंद) जवळजवळ नाहीसे झाले होते, आणि आठ नॅसेरियसपैकी तीनच खाण्याच्या वेळी वर येत होत्या. त्याने त्या गिळल्या होत्या. त्याचे खाद्य म्हणजे माझ्या वाळूतले सगळे राबणारे जीव होते, आणि ते संपल्यावर त्याच्या बाहूंची टोके आक्रसू लागली. कोळंबीचा तुकडा मी त्याच्या अंगाखाली ठेवून पाहिला, तो कधी घेई, कधी त्यावरून निघून जाई. दहाव्या महिन्यात एक बाहू गळाला आणि चार दिवसांत तो गेला. ज्याने तो विकला त्याला दोष देऊन उपयोग नाही. विचारायचा प्रश्न मी विचारला नव्हता. घरगुती आकाराच्या टाकीत हा प्राणी ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

समुद्रकाकडीबद्दल वेगळ्या कारणाने लिहिणे भाग आहे. परदेशी हौशी लोक वाळूसाठी तिची मनापासून शिफारस करतात आणि जीवशास्त्राच्या दृष्टीने ती रास्तच आहे: तोंडाभोवतीच्या बाहूंनी ती वाळू आत घेते, कणांवरचा सेंद्रिय लेप पचवते आणि मागून धुतल्यासारखी वाळू सोडते, म्हणजे समुद्रातले हे खरेखुरे गांडूळच. मात्र भारतात २००१ मध्ये समुद्रकाकडीच्या सर्व जाती वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत घालण्यात आल्या. मन्नारचे आखात आणि पाल्कची सामुद्रधुनी येथून पूर्व आशियातील खाद्यबाजारासाठी त्यांचा बेसुमार उपसा होत होता, ही त्यामागची पार्श्वभूमी. प्रवाळभिंती उभारणारे दगडी प्रवाळही त्याच वर्षी त्या यादीत आले. आपल्या समुद्रातून काढलेली समुद्रकाकडी विकत घेणे हा म्हणूनच गुन्हा आहे, आणि कोणी ती ‘परदेशी’ म्हणून देऊ केली तर आयातीची अधिकृत कागदपत्रे पाहिल्याशिवाय घेऊ नये. शिवाय ती आजारी पडली किंवा पंपात अडकली तर होलोथुरिन हे विष पाण्यात सोडू शकते आणि छोट्या टाकीतले मासे त्याने मरतात. मी ती कधी ठेवली नाही आणि ठेवणारही नाही.

हर्मिट क्रॅब, म्हणजे रिकाम्या शंखात राहणारे खेकडे, उरलेसुरले अन्न चांगले वेचतात, पण वाळू फारशी ढवळत नाहीत, आणि मोठ्या शंखाची गरज पडली की जिवंत गोगलगायीला मारून तिचे घर बळकावतात. ठेवायचेच असतील तर दोन-तीन ठेवावेत आणि वेगवेगळ्या मापांचे रिकामे शंख टाकून ठेवावेत. पिवळ्या-काळ्या पट्ट्यांची बंबलबी गोगलगाय दिसायला गोड असली तरी उपयोगी कृमी खाते. नालखेकडा, ज्याला हॉर्सशू क्रॅब म्हणतात, तो कोणत्याही घरगुती टाकीचा प्राणी नाही.

कोकणात फिरायला गेल्यावर किनाऱ्यावरून जिवंत शंख उचलून आणण्याचा विचार अनेकांच्या मनात येतो. तो सोडून द्यावा. शंकूच्या आकाराचे कोनस शंख हिंदी महासागराच्या उष्ण भागात सर्रास असतात, ते वाळूतच दडून बसतात, आणि त्यांच्या दाताने टोचलेले विष काही जातींत माणसाचा जीव घेण्याइतके तीव्र असते. ओळख न पटलेला शंख हातातही घेऊ नये.

विकत न मिळणाऱ्या कामगारांची गोष्ट अजून राहिली. वाळूचा वाफसा टिकवण्याचे बरेचसे काम ब्रिसल वर्म हे केसाळ कृमी, धाग्यांसारखे हात पसरून गाळ ओढणारे स्पॅगेटी वर्म, चिमुकले ब्रिटल स्टार आणि टाचणीच्या डोक्याएवढे, कोळंबीचे चिमुकले नातलग असलेले कोपेपॉड व अ‍ॅम्फिपॉड करतात. समुद्रातून आणलेल्या जिवंत खडकाबरोबर पूर्वी हे सगळे फुकट येत. आता आपण सुक्या किंवा कृत्रिम खडकावर टाक्या उभारतो, त्यामुळे नवी वाळू खरोखरच ओसाड असते. यावर उत्तम उपाय म्हणजे एखाद्या जुन्या, निरोगी टाकीच्या मालकाकडून वाटीभर वाळू मागून आणणे, जसे आपण दह्याचे विरजण शेजारून आणतो. ब्रिसल वर्म दिसला की अनेक जण तो चिमट्याने काढून फेकतात; त्याचे केस हातात रुततात हे खरे, म्हणून हातमोजे घालावेत, पण त्याला राहू द्यावे. तो खाण्याच्या प्रमाणात वाढतो, म्हणून फारच वाढलेला दिसला तर आपण माशांना जास्त खाणे घालतो आहोत असे समजावे.

प्रत्यक्ष संख्येचा अंदाज देतो. माझी टाकी १२० सेंटिमीटर लांब, ४५ रुंद आणि ४५ उंच आहे. खडक-वाळू वजा जाता तिच्यात सुमारे २०० लिटर पाणी मावते आणि तळाला ३० किलोच्या आसपास वाळू आहे. टाकीत पाच मासे असताना दहा नॅसेरियस, आठ सेरिथ आणि एक कॉन्च एवढे तिला पुरतात. हे सगळे एकदम आणले नाहीत. डायटमचा पहिला बहर ओसरून हिरवी छटा दिसू लागली तेव्हा सेरिथ आल्या, मासे नियमित खाऊ लागल्यावर पाच नॅसेरियस, महिन्याने आणखी पाच, आणि कॉन्च सहाव्या महिन्यात. विक्रेते प्रति लिटर हिशेब सांगतात, त्यापेक्षा कमी संख्येने सुरुवात करून वाळूकडे पाहत राहावे. पाण्याचा प्रवाह हा पहिला सफाई कामगार आहे हेही विसरू नये. पंपाचा झोत तळालगत नीट फिरत असेल तर गाळ खाली बसतच नाही, आणि दर आठवड्याला पाणी बदलताना वाळूचा एक तृतीयांश भाग नळीने हलकेच ओढून घेतला की प्राण्यांवर अवाजवी भार पडत नाही. टाकीत हॅलिकोएरिस प्रजातीचे रास (wrasse), ट्रिगर किंवा पफर हे मासे असतील तर मात्र गोगलगायी त्यांचे खाद्य होऊ शकतात, तिथे ही हातची सफाईच मुख्य धरावी.

नाशिकचा उन्हाळा या जीवांची खरी परीक्षा घेतो. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो आणि हवा कोरडी असते, त्यामुळे माझ्या टाकीतून रोज अडीच लिटर पाणी उडते. मीठ मागेच राहते. चार दिवस भर घातली नाही तर दहा लिटर पाणी कमी होऊन दर हजारी ३५ असलेली क्षारता, म्हणजे मिठाचे प्रमाण, ३७ च्या जवळ जाते, आणि मासे हे सोसतात तरी गोगलगायी सोसत नाहीत. त्या काचेवरून गळून पडतात, कवचात शिरून बसतात. म्हणून रोज गोड्या आरओ-डीआय पाण्याची भर घालावी, खारे पाणी घालू नये. तापमान २४ ते २७ अंशांत ठेवण्यासाठी पंखे पुरतात की चिलर लागतो हे घरावर अवलंबून आहे, पण पंख्याने बाष्पीभवन आणखी वाढते हे धरून चालावे. वीज गेली की सर्वांत आधी वाळूतला प्राणवायू संपतो, कारण कोट्यवधी जिवाणू तो वापरतच असतात. त्या वेळी नॅसेरियस वाळू सोडून काचेवर चढू लागल्या तर ती धोक्याची घंटा समजून बॅटरीवरचा एअर पंप लगेच लावावा. माशांच्या औषधांत तांबे असेल तर ते या टाकीत एक थेंबही घालू नये, कारण माशाला बरे करणारी मात्रा गोगलगायीला मारते.

पिशवी घरी आली की घाई करू नये. रिफ्रॅक्टोमीटरने पिशवीतल्या पाण्याची क्षारता मोजावी. विक्रेत्यांच्या टाक्यांत ती बऱ्याचदा कमी ठेवलेली असते आणि हा फरक गोगलगायींना झेपत नाही. प्राणी त्याच पाण्यासह छोट्या बादलीत काढून, सलाइनच्या नळीसारखी बारीक नळी लावून टाकीतले पाणी थेंबाथेंबाने दीड-दोन तास त्यात पडू द्यावे. त्यानंतर बादलीतले पाणी टाकीत न ओतता एकेक शंख हाताने उचलून, तोंड खाली करून वाळूवर ठेवावा. पहिल्या रात्री नॅसेरियस बहुधा लगेच गाडून घेतात, सेरिथ तासाभरात हलू लागतात, पण कॉन्च कधीकधी दोन-तीन दिवस जागचा हलत नाही आणि तो मेला असे समजून लोक त्याला टाकून देतात. शंका आली तर त्याला उचलून पायावरचे झाकण बोटाने हलकेच स्पर्शावे, जिवंत असेल तर तो आत ओढून घेतो. तरीही काही कळले नाही तर शंख नाकाजवळ न्यावा. मेलेल्या शंखाचा वास इतका उग्र असतो की चूक होणे शक्य नाही, आणि तसा वास आला तर तो लगेच टाकीबाहेर काढावा. वास नसेल तर शंख पुन्हा वाळूवर ठेवून दिवे मालवावेत आणि सकाळी वाळूवर पट्टा उमटला आहे का ते पाहावे.